चालतीं प्रेतें व चालतें दुकान

परवां शिक्षकांच्या खोलींत बोलतां बोलतां आम्हीं 'द वॉकिंग डेड' ह्या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेचें नांव काढलें, तेव्हां निवृत्तीस टेकलेल्या आमच्या एका सहाध्यापकांनीं चहाचा पेला खालीं ठेवून विचारलें, "प्रेतें उठून माणसांचे लचके तोडतात, आणि तुमच्यासारख्यानें तें बसून पाहावें?" त्याच दिवशीं सायंकाळीं आमच्या एका बुद्धिमान् विद्यार्थ्यानें त्याच मालिकेविषयीं नेमका उलट सूर लावला. "जी मालिका बारा वर्षें चालली, जी कोट्यवधि लोकांनीं पाहिली, तिच्यांत दोष काढणारे आपण कोण?" असा त्याचा सवाल होता. ह्या दोन मतांपैकीं एकही आम्हांस मान्य नाहीं. आणि दोन्ही मतें आमच्या सुशिक्षित समाजांत इतकीं बोकाळलीं आहेत कीं, त्यांचा जाहीर समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. पहिलें मत कृति न पाहतांच तिचा निकाल लावतें. दुसरें कृति पाहूनही निकाल लावण्याची जबाबदारी टाळतें.

प्रथम सहाध्यापकांच्या तिटकाऱ्याकडे वळूं. प्रेत हा वाङ्मयाचा विषयच होऊं शकत नाहीं असें जर त्यांचें म्हणणें असेल, तर त्यांना आपल्या कपाटांतलीं बरींच पुस्तकें बाहेर काढावीं लागतील. विक्रमाच्या खांद्यावरच्या प्रेतांतून वेताळ गोष्टी सांगतो, त्या आम्हीं आजीच्या मांडीवर बसून ऐकल्या. भवभूतीनें 'मालतीमाधवा'च्या पांचव्या अंकांत आपल्या नायकाला मांस विकावयास स्मशानांत उभें केलें, आणि तो अंक गाळावा असें आजवर कोणा रसिकास सुचलें नाहीं. भरतानें बीभत्साला आठ रसांत स्थान दिलें. इतकेंच नव्हे, तर भयानकाचा उगम बीभत्सांत आहे असें सांगून त्याला मूळच्या चार रसांत बसविलें. तेव्हां प्रेत दाखविलें कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हे. प्रेताचें काय केलें, हा प्रश्न आहे. ह्या एका कसोटीवर आम्ही ही मालिका घासून पाहणार आहों, आणि आमचा निकाल आरंभींच सांगून टाकतों. जोंपर्यंत ह्या मालिकेनें मेलेल्या माणसाला माणूस मानलें, तोंपर्यंत ती मोठी होती. आणि स्वतः संपण्याचें नाकारूं लागल्यावर तिला मरणाची किंमत राखतां आली नाहीं.

ज्यांनीं मालिका पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं थोडा पूर्ववृत्तांत देणें जरूर आहे. रॉबर्ट कर्कमन ह्या लेखकानें ऑक्टोबर २००३ मध्यें ह्या नांवाची एक मासिक चित्रकथा सुरू केली. आरंभीं टोनी मूर व पुढें चार्ली अ‍ॅडलर्ड ह्यांनीं तिचीं चित्रें काढलीं. फ्रँक डॅराबाँट ह्या दिग्दर्शकानें तिच्यावरून रचलेली मालिका एएमसी ह्या वाहिनीवर ३१ ऑक्टोबर २०१० रोजीं सुरू झाली आणि अकरा पर्वें व १७७ भाग होऊन २० नोव्हेंबर २०२२ रोजीं संपली. जॉर्जिया संस्थानांतील रिक ग्राइम्स नांवाचा एक पोलीस-अधिकारी गोळी लागून बेशुद्ध पडतो व इस्पितळांत शुद्धीवर येतो, तों जग बुडालेलें असतें. मेलेलीं माणसें उठून चालूं लागलीं आहेत. त्यांचा दंश प्राणघातक आहे. मेंदूचा नाश केल्याखेरीज तीं थांबत नाहींत. कथेंतलीं माणसें त्यांना 'झॉम्बी' म्हणत नाहींत, चालणारे ह्या अर्थीं 'वॉकर' म्हणतात.

'झॉम्बी' ह्या शब्दाचा इतिहास मात्र जाणून घेण्यासारखा आहे. फ्रेंचांच्या अमलाखालीं हैतींत उसाचे मोठे मळे होते, आणि त्यांत आफ्रिकेंतून पकडून आणलेले गुलाम मरेपर्यंत राबत. त्यांच्या वंशजांच्या समजुतींतला झॉम्बी कोणाला खात नाहीं. तो मेलेला मनुष्य असतो. मांत्रिक त्याला थडग्यांतून उठवतो आणि धन्याच्या शेतावर कामाला जुंपतो. मेल्यावर तरी सुटका होईल एवढीच ज्याची आशा, त्याला मरणानंतरही कामावरून सुट्टी मिळूं नये, ही ती भीति आहे. जॉर्ज रोमेरोनें १९६८ सालीं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' ह्या चित्रपटांत प्रेतांना धनी ठेवला नाहीं. त्यांना नरभक्षक जमाव केलें, आणि कर्कमनची प्रेतें ह्या रोमेरोच्या वंशांतलीं आहेत. परंतु हैतीची ती मूळ भीति वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. शेवटीं तिचें काम पडणार आहे.

आतां गुण. पहिल्याच भागांत रिकला एका बागेंत कमरेखालचें शरीर नाहींसें झालेलें एका स्त्रीचें प्रेत दिसतें. तें हातांनीं सरपटत असतें. तो पुढें निघून जातो. परंतु बंदूक हातीं आल्यावर तो मुद्दाम परत येतो, तिच्यापाशीं खालीं वांकून तिच्या दशेबद्दल दुःख व्यक्त करतो, आणि मग गोळी झाडतो. त्याच वेळीं दुसरीकडे मॉर्गन नांवाचा मनुष्य माडीवरच्या खिडकींतून रस्त्यांत भटकणाऱ्या आपल्या मृत पत्नीवर नेम धरून बसला आहे. बोट चापावर आहे, पण तें ओढवत नाहीं. एकाला परक्या स्त्रीची सुटका करतां येते. दुसऱ्याला स्वतःच्या पत्नीची करतां येत नाहीं. दोघांच्याही मनांत समोरचें प्रेत ही वस्तु नाहीं, कोणी तरी व्यक्ति आहे.

दुसऱ्या भागांतला प्रसंग ह्याहून बोलका आहे. प्रेतांच्या गर्दींतून निसटण्यासाठीं त्यांचा वास अंगाला लावणें भाग असतें, आणि म्हणून एक प्रेत फाडावयाचें असतें. कुऱ्हाड उचललेला रिक थांबतो. तो त्या प्रेताच्या खिशांतलें पाकीट काढतो आणि सर्वांसमक्ष वाचतो: नांव वेन डनलॅप, जॉर्जियाचा वाहन-परवाना, जवळ अठ्ठावीस डॉलर, एका सुंदर तरुणीचें छायाचित्र. ह्यानें मरणोत्तर अवयवदानाची नोंद केली होती, हें ग्लेन नांवाचा तरुण परवान्यावरून सांगतो. मग कुऱ्हाड पडते. प्रसंग किळसवाणा आहे, ह्यांत संशय नाहीं. परंतु त्या किळसेच्या आधीं एका अनोळखी मृताची ओळख करून घेतली जाते, आणि म्हणून ती किळस आपणांस हलकें करीत नाहीं. पांचव्या भागांत तळावर प्रेतांचा हल्ला होऊन गेल्यावर सर्वच प्रेतें एका आगींत ढकललीं जात असतां हाच ग्लेन ओरडून आडवा येतो: आपल्या माणसांना जाळावयाचें नाहीं, पुरावयाचें. आमच्याकडे अग्नि देणें हा मान आहे, त्यांच्याकडे भूमि देणें हा. आचार उलटा असला तरी ग्लेनचा आक्रोश आम्हांस जसाच्या तसा समजतो.

येथें एक खासगी गोष्ट सांगावी लागत आहे. वाचक क्षमा करतील. २०२१ च्या एप्रिल महिन्यांत साथींत आमच्या थोरल्या बंधूंचें देहावसान झालें. मुखदर्शन झालें नाहीं. जें आमच्यासमोरून नेण्यांत आलें त्याच्यावर चिकटविलेल्या कागदावर नांव व वय लिहिलें होतें. वयांत दोन वर्षांची चूक होती; नांव बरोबर होतें. तें नांव आम्हीं तीनदां वाचलें आणि तेवढ्यावर परत फिरलों. पुढें कांहीं महिन्यांनीं मुलानें घरांत लावलेल्या ह्या मालिकेचा तो दुसरा भाग आमच्या दृष्टीस पडला. तोंपर्यंत आमचेंही मत आमच्या सहाध्यापकांच्या मताहून फारसें निराळें नव्हतें. वेन डनलॅपचें नांव वाचलें जातांना आम्ही उभे होतों ते खालीं बसलों, आणि पुढें सर्व १७७ भाग पाहिले. ह्या लेखांत जो राग वाचकांस आढळेल त्याचें मूळ तेथें आहे. ज्यानें एकदां आपणांस इतकें दिलें, त्यानेंच पुढें त्याची नासाडी करावी, हें सोसत नाहीं.

दुसऱ्या पर्वाचा बराच भाग हर्शल नांवाच्या वृद्ध शेतकऱ्याच्या मळ्यावर घडतो, आणि तो संथ व कंटाळवाणा असल्याची तक्रार मालिकेच्या भक्तांत आजही ऐकूं येते. आमच्या मतें हीच मालिकेची खरी कमाई आहे. हर्शलची अशी श्रद्धा आहे कीं, हे लोक मेलेले नसून आजारी आहेत. त्यानें आपली पत्नी, सावत्र मुलगा व शेजारी ह्यांना कोठारांत कोंडून जपून ठेवलें आहे. एकीकडे हरवलेल्या सोफिया ह्या मुलीचा शोध आठवड्यांमागून आठवडे चालू आहे. नोव्हेंबर २०११ मध्यें दाखविल्या गेलेल्या भागांत कोठाराचें दार फोडलें जातें, एकेक प्रेत बाहेर येतें व पडतें, आणि सर्वांत शेवटीं जिचा शोध चालला होता ती सोफियाच बाहेर येते. इतका वेळ आवेशानें गोळ्या झाडणाऱ्यांचे हात खालीं येतात. जीं पडलीं तींही कोणाचीं तरी अशींच होतीं, हें सांगण्यास एक शब्दही खर्ची पडत नाहीं. संथपणाशिवाय हा परिणाम साधला नसता. दोन तासांच्या चित्रपटाला जें शक्य नाहीं तें हें: प्रलय झाला त्या रात्रीचें नव्हे, तर त्यानंतरच्या तीनशेंव्या दिवसाचें चित्र काढणें. त्या दिवशीं धान्य कोणीं आणावें, मुलांना काय शिकवावें, जन्मास येणाऱ्या जिवाला येऊं द्यावें कीं नाहीं, हे प्रश्न लांबीमुळेंच उभे राहतात.

ह्याच पर्वाच्या शेवटीं रिक आपल्या सोबत्यांना एक रहस्य सांगतो: दंश होवो वा न होवो, रोग सर्वांच्याच शरीरांत आहे; जो मरेल तो उठेल. ह्या एका कल्पनेनें 'ते' व 'आपण' ही भिंत पाडली. आणि चौथ्या पर्वांतील, मार्च २०१४ मधला, 'द ग्रोव्ह' हा भाग ह्या सर्व विचाराचा कळस आहे. लिझी ही अल्पवयीन मुलगी तुरुंगाच्या कुंपणाबाहेरच्या प्रेतांना नांवें ठेवून त्यांच्याशीं खेळत असे. मृताला नांव देणें ही जी रिकची माणुसकी, तीच तिच्या ठिकाणीं वेड होऊन बसते. प्रेतें हीं केवळ निराळीं माणसें आहेत हें पटवून देण्यासाठीं ती आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीला मारते, आणि कॅरोल, जिची सोफिया पूर्वीं गेली होती तीच, लिझीला फुलांकडे पाहावयास सांगून गोळी घालते. रक्ताचें प्रदर्शन त्यांत नाहीं. आपल्याच सद्गुणाची काळी बाजू दाखविण्याचें धैर्य ज्या कृतींत असतें ती कृति सामान्य नव्हे, आणि ह्याहून वरच्या दर्जाची शोकान्तिका अलीकडच्या मालिकांत आम्हीं पाहिली नाहीं.

येथवर आम्ही विद्यार्थ्याच्या पक्षाला होतों. आतां त्याला सोडावें लागतें.

तिसऱ्या पर्वांत वुडबरी नांवाचें एक तटबंदीचें गांव आहे. तेथला गव्हर्नर साखळदंडांनीं बांधलेल्या प्रेतांच्या मध्यें मल्लांची झुंज लावतो आणि गांवकरी भोंवतीं बसून आरोळ्या ठोकतात. त्या वेळीं मालिकेनें आपणांस त्या गांवकऱ्यांची लाज वाटावयास लावली होती. पुढें तीन वर्षांत काय झालें? मालिकेनें प्रेक्षकांनाच त्या बांकांवर आणून बसविलें. पाकीट उघडून नांव वाचणें केव्हांच मागें पडलें. प्रेत फोडण्याच्या नव्या नव्या तऱ्हा शोधणें हेंच काम उरलें. आणि बेनांवी मृतांची किंमत गेली, तेव्हां नांव असलेल्या मृतांची किंमत जावयास वेळ लागला नाहीं.

ऑक्टोबर २०१५ मधील एका भागांत ग्लेन प्रेतांच्या गर्दींत कोसळतो व त्याचीं आंतडीं ओढलीं जात असल्याचें दिसतें. वास्तविक तीं त्याच्या अंगावर पडलेल्या दुसऱ्या माणसाचीं असतात. ही फसवणूक टिकविण्यासाठीं त्या नटाचें नांव आरंभींच्या श्रेयनामावळींतूनही काढण्यांत आलें, आणि कांहीं आठवडे प्रेक्षकांना शोक करावयास लावून नोव्हेंबरांत ग्लेन कचऱ्याच्या पेटीखालून जिवंत बाहेर काढला गेला. ह्या कथेचें सारें भांडवल एकच होतें: येथें मरण खरें आहे. त्या सराफीच्या दुकानांत मालकानेंच खोटें नाणें चालविलें. ज्या ग्लेननें 'आपल्या माणसांना पुरा' म्हणून आकांत केला, त्याच्याच मरणाचा हा खेळ करावा, ह्यांतली विसंगति कोणाच्याही लक्षांत आली नसावी काय?

पण ह्याहून वाईट पुढेंच होतें. ३ एप्रिल २०१६ रोजीं सहावें पर्व संपलें. नीगन नांवाचा नवा खलनायक बहुतेक प्रमुख पात्रांना गुडघ्यांवर बसवून एकाच्या डोक्यांत काटेरी तारेनें गुंडाळलेली बॅट घालतो. परंतु कोणाच्या, तें दाखविलें नाहीं. पडदा काळा झाला. उत्तर २३ ऑक्टोबरला, म्हणजे सहा महिने वीस दिवसांनीं मिळालें, आणि त्या भागांतही तें लगेच न देतां आणखी रेंगाळत ठेवलें गेलें. मग एकाच्या जागीं दोन मरणें आलीं, अब्राहमचें व ह्या वेळीं खरोखरच ग्लेनचें, आणि तीं अशा बारकाईनें दाखविलीं कीं, शोकाला जागाच राहूं नये. ती प्रतीक्षा आम्हीं स्वतः सोसली नाहीं. आमच्या मुलानें सोसली. तो म्हणतो, त्या सहा महिन्यांत मित्रमंडळींत एकच चर्चा असे: कोण मेला असेल, पैज लावतोस? मरणाविषयीं आदर शिकविणाऱ्या मालिकेनें आपल्या प्रेक्षकांना मरणावर पैजा लावावयास शिकविलें. वुडबरीच्या बांकांवरचे लोक ह्याहून निराळे काय करीत होते?

आमच्या जुन्या साहित्यशास्त्राला हे रोग अपरिचित नाहींत. मम्मटानें 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासांत रसदोष सांगितले आहेत. एकच रस पुन्हा पुन्हा उद्दीपित करणें, अवेळीं विस्तार, अवेळीं विच्छेद, मुख्याचें विस्मरण, हे त्यांपैकीं कांहीं. पहिल्या दोषाचें उदाहरण म्हणून त्यानें 'कुमारसंभवां'तल्या रतिविलापाचें नांव घेतलें. कालिदासालाही त्यानें सोडलें नाहीं, मग अमेरिकन वाहिनीला आपण कां सोडावें? पुन्हा पुन्हा उद्दीपन पाहा: आसरा मिळतो, शेजारीं एक क्रूर नायक निघतो, युद्ध होतें, आसरा जातो, मळा, तुरुंग, अलेक्झांड्रिया, गव्हर्नर, टर्मिनस, नीगन. अवेळीं विस्तार पाहा: एका नीगनाशीं चाललेला झगडा सातव्या व आठव्या पर्वांचे मिळून बत्तीस भाग खातो. अवेळीं विच्छेद म्हणजे तो एप्रिलचा काळा पडदा. आणि मुख्याचें विस्मरण? रिकचा मुलगा कार्ल हा ह्या कथेचा गाभा होता. ह्या मोडक्या जगांत मूल कसला माणूस होईल, हाच तिचा मूळ प्रश्न. चित्रकथेचा शेवट प्रौढ झालेल्या कार्लवर होतो. मालिकेनें २०१८ सालीं त्याला मारून टाकलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत रिकही कथेंतून निघून गेला, आणि कथा तरीही चालूच राहिली.

आमच्यावर चार आक्षेप येतील. पहिला: नीगनाचा प्रसंग मूळ चित्रकथेंतलाच आहे. होय, २०१२ सालच्या शंभराव्या अंकांतला. परंतु तेथें वाचकाला प्रहार व त्याचा बळी एकाच अंकांत दिसतात. शोक विकत घेण्यासाठीं त्याला सहा महिने रांगेंत उभें केलेलें नाहीं. दुसरा: जग क्रूर आहे, तें क्रूरच दाखविलें पाहिजे. आम्ही क्रौर्याला हरकत घेतच नाहीं. 'द ग्रोव्ह'इतकें क्रूर दुसरें काय आहे? क्रौर्य मृताच्या बाजूनें पाहावयाचें कीं मारणाऱ्याच्या बॅटीबरोबर, एवढाच आमचा वाद आहे. तिसरा: कोट्यवधि लोक पाहत होते. संख्येनेंच निकाल लावावयाचा असेल तर तोही आमच्याच बाजूचा आहे. २०१४ सालीं पांचव्या पर्वाचा पहिला भाग अमेरिकेंत सुमारें १ कोटि ७३ लक्ष लोकांनीं पाहिला. २०२२ सालचा अखेरचा भाग वाहिनीवर पाहणारे सुमारें २३ लक्ष होते. मधल्या काळांत लोकांच्या पाहण्याच्या सवयी बदलल्या हें खरें. परंतु एवढ्या मोठ्या ओहोटीचें सारें खापर सवयींवर फोडणें धाडसाचें होईल.

चौथा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा धंदा आहे, आणि धंद्याशिवाय अशी कृति निर्माणच होत नाहीं. हें आम्ही मान्य करतों. परंतु धंद्यानें कृतीला पोसावें, खाऊं नये. ज्या डॅराबाँटनें पहिलीं सहा भागांचीं पावलें टाकलीं, त्याला वाहिनीनें जुलै २०११ मध्येंच, दुसऱ्या पर्वाचें काम चालू असतां, दूर केलें. नफ्याच्या वांट्यावरून झालेला खटला २०२१ सालीं २० कोटि डॉलरांवर मिटला. एवढा पैसा ज्या घरांत होता त्या घराला योग्य वेळीं दार लावून घेणें परवडलें नसतें काय? कर्कमनहि धंदाच करीत होता. परंतु जुलै २०१९ मध्यें त्यानें आपली चित्रकथा १९३ व्या अंकाशीं, कोणालाही आगाऊ न सांगतां संपविली. त्याच्या आदल्या अंकांत त्यानें रिकला मरूं दिलें. मरण खरें असेल तर कथेलाही तें आलें पाहिजे, हें त्याला कळलें होतें.

एकतर्फी न्याय आम्हांस करावयाचा नाहीं. नवव्या पर्वापासून अँजेला कँग ह्यांच्या हातीं सूत्रें आलीं आणि मालिकेनें पुन्हा थोडा श्वास घेतला. मृतांची कातडी तोंडावर ओढून त्यांच्याच कळपांत राहणाऱ्या लोकांची कल्पना तिच्या जुन्या विचाराशीं जुळणारी होती: येथें जिवंत माणसानेंच आपलें नांव टाकून दिलें आहे. अखेरच्या भागांत रोझिटा दंश झाल्याचें लपवून मुलीला सुखरूप पोहोंचविते, आपल्या माणसांत बसून निरोप घेते आणि अंथरुणावर शांतपणें मरते; तेथें पहिल्या पर्वाची सभ्यता पुन्हा दिसली. त्याच भागांत ग्लेनची विधवा मॅगी नीगनाला सरळ सांगते कीं, तुला क्षमा करणें मला जमणार नाहीं. हें एक वाक्य त्या बत्तीस भागांहून अधिक खरें आहे.

आणि मग काय व्हावें? रोझिटाच्या मरणाचे अश्रु वाळण्याच्या आंत अखेरच्या मिनिटांत रिक व त्याची सहचरी मिशोन जिवंत असल्याचीं दृश्यें झळकतात, डॅरिल मोटारसायकलीवर बसून दुसऱ्या मालिकेकडे रवाना होतो, आणि शेवट म्हणून जें आपण पाहत होतों तें जाहिरात असल्याचें कळतें. २०२३ सालीं 'डेड सिटी' निघाली, आणि तिच्यांत तीच मॅगी तोच नीगन जोडीनें न्यूयॉर्कास निघालीं! डॅरिलच्या नांवाची मालिका त्याच वर्षीं आली, रिक-मिशोन ह्यांची २०२४ मध्यें. मॅगीचें तें एक खरें वाक्यही दुकानानें परत घेतलें.

हैतीच्या त्या समजुतीचें स्मरण वाचकांस आतां करून द्यावयाचें आहे. मृताला थडग्यांतून उठवून धन्याच्या मळ्यांत पुन्हा जुंपणें, ह्याला तेथें सर्वांत मोठें पातक मानीत. पातक त्या उठलेल्याचें नव्हे, उठविणाऱ्याचें. ह्या पात्रांच्या बाबतींत तेंच घडलें आहे. ज्यांच्या कथा संपल्या होत्या त्यांना विश्रांति दिली गेली नाहीं. म्हणून आम्ही मालिकेला शिव्या देत नाहीं. तिच्या धन्याला देतों.

आमच्या सहाध्यापकांनीं पहिले दोन भाग तरी पाहावे, आणि मग तिटकारा कायम राहिला तर तो आम्ही आदरानें ऐकून घेऊं. आमच्या विद्यार्थ्याला आमचें सांगणें असें कीं, पहिल्या भागापासून 'द ग्रोव्ह'पर्यंत नीट पाहा आणि तेथें थांब. पुढचें पाहिलेंच पाहिजे असें कोणतेंही बंधन प्रेक्षकावर नाहीं. मालिकेला संपतां आलें नाहीं, तर ती कोठें संपली हें प्रेक्षकानें ठरवावें. तेवढा अधिकार अजून त्याच्या हातांत आहे. आमच्यापुरती ती कॅरोल त्या दोन बहिणींना पुरून रस्त्याला लागते, तेथें संपली आहे. आपल्या माणसांना पुरून मग पुढें जावें, हें ग्लेननें पांचव्या भागांतच सांगितलें होतें.